खजिना म्हटलं की लोक कुदळ शोधतात

सोलापूरला समुद्र नाही. हिप्परग्याचा तलाव आहे, गावात सिद्धेश्वर तलाव आहे, आणि पाण्याचा विषय निघाला की ‘तुमच्याकडे किती दिवसांनी येतं?’ हा प्रश्न आहे. अशा गावातल्या माणसानं दीपगृहाविषयी लिहायचं म्हणजे कोरड्या विहिरीत पोहायला शिकवण्यासारखं. तरी लिहितो, कारण गेल्या डिसेंबरात आम्ही घरचे सात जण रत्नागिरीला दीपगृहाच्या सावलीत एक पेटी लपवून आलो, आणि तेव्हापासून गल्लीतल्या शंकांना उत्तरं देऊन देऊन माझा घसा बसला आहे.

मी टपाल खात्यात चौतीस वर्षं काढली. त्यातली बरीचशी शिक्का मारण्यात गेली. पुतणी इंग्लंडात एक्झिटरला असते. तिनं एकदा फोनवर सांगितलं, “काका, आम्ही रविवारी लेटरबॉक्सिंगला जातो.” मला वाटलं, पोरगी तिकडे टपालपेट्या रंगवायच्या कामाला लागली की काय. तेव्हा गैरसमजांच्या यादीत पहिला नंबर माझाच.

खेळ असा आहे. कुणीतरी एक छोटी पेटी आडजागी ठेवतं. आत एक वही आणि एक रबरी शिक्का. पेटीपर्यंत नेणारी खूणचिठ्ठी वेगळी मिळते. तिच्यात दिशा, पावलं, एखादं कोडं. शोधणारा घरून आपली वही आणि आपला शिक्का घेऊन निघतो. पेटी सापडली की आपला शिक्का तिच्या वहीत उमटवायचा, तिचा शिक्का आपल्या वहीत घ्यायचा, आणि पेटी होती तिथे, होती तशी ठेवून द्यायची.

समज: खजिन्याचा शोध म्हणजे गुप्तधन

रत्नागिरीहून परतलो तेव्हा रिक्षातून सामान उतरवताना शेजारी भेटले. “काय साहेब, घावलं का काही?” मी म्हटलं, आम्ही शोधायला नाही, ठेवायला गेलो होतो. त्यावर ते जे हसले, ते हसू मला चांगलं ठाऊक आहे. काउंटरवर कुणी ‘पाकिटात पैसे नाहीत, नुसतं पत्र आहे’ असं सांगायचा, तेव्हा आम्हीही तसेच हसायचो.

आपल्याकडे खजिना हा शब्द एकटा येत नाही. त्याच्यामागून हंडा येतो, हंड्यावर नाग येतो, मग अमावास्या येते, लिंबू येतं, आणि शेवटी पोलिस येतात. पोलिस येतात ते बरोबरच. गुप्तधनाच्या शोधाच्या नावाखाली होणारे अघोरी प्रकार महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात स्पष्ट नोंदलेले आहेत आणि त्यांना सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आहे. बरं, मंत्र-तंत्र काही न करता नांगराच्या फाळाला खरोखरच हंडा लागला तरी तो ‘ज्याला सापडला त्याचा’ होत नाही. 1878 चा निखात निधी कायदा अजून चालू आहे. जमिनीत दडलेली वस्तू 10 रुपयांहून जास्त किमतीची असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. मग चौकशी, मालकाचा शोध, आणि कुणीच मालक निघाला नाही तर सापडवणारा आणि जमीनमालक यांच्यात वाटणी. कळवलं नाही तर वाटा जातो, वर तुरुंगही होऊ शकतो. दहाचा आकडा तेव्हाचा आहे. तेव्हा दहा रुपयांत काय काय यायचं हे आजोबा सांगायचे; आज वडापावही येत नाही.

आमच्या पेटीत काय होतं ते सांगून टाकतो, म्हणजे कुणाची झोप उडायला नको. ऐंशी पानी वही, शाईची गादी, एक पेन्सिल, दहा पोस्टकार्डं आणि एक शिक्का. पेटी पुरलेलीही नव्हती. या खेळात उकरायचं नसतंच. हात घालून निघेल एवढीच ती दडलेली असते.

शिक्का मात्र आमच्या घरात तीन दिवस चालला होता. बाजारातून करून आणायचा नाही, स्वतः कोरायचा, असं पुतणीनं बजावलेलं. नातवानं मोठं पांढरं खोडरबर घेतलं, त्यावर पेननं दीपगृह काढलं, खाली ‘सोलापूर’ लिहिलं आणि कटरनं कोरायला बसला. उमटवून पाहिलं तर दीपगृह ठीक, अक्षरं उलटी. ‘सो’चा काना-मात्रा डावीकडे जाऊन बसलेला. मी चौतीस वर्षं उलट्या अक्षरांचे पितळी शिक्के हाताळले, पण पोराला आधी सांगायचं काही सुचलं नाही. दुसऱ्या खोडरबरावर आरशात बघून अक्षरं काढली. तेवढ्यात रबराचा कोपरा तुटला, म्हणून दीपगृहाचा माथा थोडा बसका आला. पहिल्यांदा शाई जास्त झाली, मग कमी. गादीवर शिक्का दाबायचा नसतो, दोन-तीनदा हलकेच टेकवायचा असतो. हे सांगताना मात्र मी भाव खाल्ला.

समज: हे परदेशी खूळ आहे आणि त्याला मोबाइल लागतो

परदेशी आहे हे खरं. खूळ म्हणायला ते फार जुनं आहे. इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात डार्टमूर नावाचं उजाड माळरान आहे, दलदलीचं आणि धुक्याचं. तिथल्या चॅगफर्ड गावचा जेम्स पेरट हा वाटाड्या लोकांना माळावरच्या क्रॅनमिअर पूल या आडजागी घेऊन जायचा. 1854 साली त्यानं तिथे एक बाटली ठेवली. इतकी तंगडतोड करून पोचलेल्या माणसानं आपलं नावाचं कार्ड तीत टाकायचं. बाटलीचा पुढे पत्र्याचा डबा झाला, 1905 मध्ये सह्यांची वही आली. मधल्या काळात एक गमतीची रीत पडली. माणूस स्वतःचा पत्ता लिहिलेलं कार्ड डब्यात ठेवून जायचा आणि पुढचा येणारा ते घेऊन जाऊन टपालात टाकायचा. खेळाला ‘लेटरबॉक्स’ हे नाव पडलं ते यावरून. क्रॅनमिअर पूलमध्ये, म्हणजे ‘तळ्या’त, आता पाणी नाही. हे वाचून मला ती जागा एकदम आपली वाटली.

मोबाइलवाला खेळ निराळा. त्याला जिओकॅशिंग म्हणतात. मे 2000 मध्ये अमेरिकेनं सामान्य माणसाच्या जीपीएसमधला मुद्दाम ठेवलेला घोळ काढून टाकला आणि दुसऱ्याच दिवशी ओरेगनमध्ये एकानं डबा लपवून त्याचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. त्यात उपग्रह तुम्हाला डब्याच्या उंबऱ्यावर नेऊन सोडतो. आमच्या खेळात डोळे आणि डोकं वापरावं लागतं. नातवाचं मत याच्या बरोबर उलट आहे, हे प्रामाणिकपणे नोंदवतो.

आणि ‘आपल्याकडे असलं काही नाही’ असं सोलापूरकरानं तरी म्हणू नये. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी या गावाच्या पंचक्रोशीत अडुसष्ट लिंगं स्थापली. संक्रांतीच्या यात्रेत नंदीध्वज त्यांच्या तैलाभिषेकाला निघतात. पण वर्षभरात कधीही, एखाद्या सुट्टीला, ती अडुसष्ट ठिकाणं एकेक करून स्वतः शोधून पाहा. काही मोठ्या देवळात आहेत, काही घरांच्या दाटीत, काही अशा बोळात की शेजारच्या दुकानदारालाही दोनदा विचारावं लागतं. मी नोकरीत असताना हे केलं होतं. बीटवरच्या पोस्टमनची मदत घेतली, म्हणजे थोडी लबाडीच. तिथून काही उचलून आणायचं नसतं. जाऊन यायचं असतं, आणि गेलो होतो एवढं आपल्यापाशी राहतं. दुसरं उदाहरण माझ्या खात्यातलं. काही पर्यटनस्थळांच्या पोस्टात कायमचा सचित्र शिक्का असतो, त्या गावच्या देवळाचं किंवा किल्ल्याचं चित्र असलेला. तेवढा एक ठसा पाकिटावर घ्यायला लोक शेकडो मैल येतात. असे दोघे-तिघे काउंटरवर भेटले की आम्हाला वाटायचं, यांना दुसरा उद्योग नाही. आता मी त्यांच्यातलाच.

समज: दीपगृह म्हणजे मोठी दीपमाळ, जहाजांना ‘इकडे या’ म्हणून बोलावते

घाटावर वाढलेल्या माणसाचा हा घोटाळा समजण्यासारखा आहे, कारण ‘दीपस्तंभ’ हा एकच शब्द आपण देवळापुढच्या दगडी खांबालाही वापरतो आणि समुद्राकाठच्या मनोऱ्यालाही. दीपमाळ त्रिपुरी पौर्णिमेला उजळते, माणसांना जवळ बोलावते. दीपगृहाचं काम बहुतेक वेळा नेमकं उलटं असतं. मी इथे आहे, खडक इथे आहे, तू लांबून जा.

म्हणून तर दीपगृहं अशा अवघड जागी दिसतात. मुंबईचं प्राँग्स दीपगृह घ्या. थॉमस ऑर्मिस्टन या अभियंत्यानं ते बांधलं आणि 1875 मध्ये ते पेटलं. ते बंदराच्या दारात नाही. कुलाब्याच्या दक्षिण टोकापुढे पाण्याखाली जो खडकांचा पट्टा शिरतो, त्याच्या शेवटाशी आहे. तिथे जहाजानं जाऊच नये. जुन्या मुंबईकरांच्या तोंडी ‘कुलाब्याची दांडी’ असायची. मला तो शब्द दीपगृहापेक्षा आवडतो. काठी उगारून उभा असलेला राखणदार त्यातून डोळ्यांपुढे येतो.

अलिबागजवळ थळच्या समोर खांदेरी आहे. 1679 मध्ये शिवाजी महाराजांनी या बेटावर तट घालायला घेतला तेव्हा इंग्रज आणि सिद्दी दोघेही अंगावर आले होते. बेट त्यांना मिळालं नाही. त्याच बेटावर 1867 मध्ये इंग्रजांनी दीपगृह उभारलं. आता त्याला कान्होजी आंग्रे यांचं नाव आहे, आणि 2025 च्या जुलैत युनेस्कोनं जागतिक वारसा म्हणून ज्या बारा मराठा किल्ल्यांची नोंद घेतली त्यांत खांदेरीही आला. तिथे एक धोंडा आहे, त्यावर दुसऱ्या दगडानं ठोकलं की भांड्यासारखा आवाज येतो. खजिना शोधणाऱ्यांना तो धोंडा दाखवू नये. आत पोकळी आहे, पोकळीत हंडा आहे, इथपर्यंत ते पाच मिनिटांत पोचतात.

दुसरा घोटाळा: दिवा गरगर फिरतो. जुन्या दीपगृहात दिवा जागचा हलत नसे, त्याच्याभोवतीचं भिंग फिरे. ओग्युस्तँ फ्रेनेल या फ्रेंच अभियंत्यानं जाडजूड भिंगाचा नुसता उपयोगाचा भाग ठेवून त्याची काचेच्या कड्यांत वाटणी केली; 1823 मध्ये फ्रान्समधल्या कोर्दुआँ दीपगृहावर ते पहिल्यांदा बसलं. साधी ज्योत मैलोन् मैल फेकणारं हे भिंग वजनाला टनांत जाई. ते सहज फिरावं म्हणून काही ठिकाणी पाऱ्यावर तरंगतं ठेवत आणि घड्याळासारख्या वजनाच्या यंत्रानं फिरवत. वजन खाली आलं की रखवालदारानं पुन्हा चावी द्यायची, रात्रभर. आज मोटार आहे.

यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट उघडझापीची आहे. किती सेकंदांनी चमकायचं, एकदा की ओळीनं दोनदा-तीनदा, हे प्रत्येक दीपगृहाचं ठरलेलं असतं आणि आसपासच्या दोघांचं सारखं ठेवत नाहीत. अंधारात खलाशी सेकंद मोजतो, यादी बघतो आणि ओळखतो की हे अमुक ठिकाण. दिवसा तेच काम मनोऱ्यावरचे रंगाचे पट्टे करतात. माझ्या भाषेत सांगायचं तर दर काही सेकंदांनी गावाचं नाव उमटवणारा हा तारखेचा शिक्का आहे, फक्त कागदाऐवजी काळोखावर मारलेला.

नातवानं विचारलं होतं, आपल्या गच्चीवरून दिसेल का? हिशेब करून दाखवला. दिवा समुद्रसपाटीपासून 100 मीटर उंच धरला तर पाण्याच्या पातळीवरच्या डोळ्याला तो साधारण वीस सागरी मैलांपर्यंत, म्हणजे 37 किलोमीटरच्या आसपास दिसतो. पुढे पृथ्वीची पाठ आड येते. रत्नागिरी आमच्यापासून रस्त्यानं तीनशे किलोमीटरहून लांब, मध्ये सह्याद्री. तो म्हणाला, “मग जाऊयाच.”

समज: जीपीएस आल्यावर दीपगृहं मोडीत निघाली

काही निघाली. आग्वादचं जुनं दीपगृह 1976 मध्ये बंद झालं, आणि त्याच आग्वाद किल्ल्यावर 2023 च्या सप्टेंबरात देशातला पहिला दीपगृह महोत्सव भरला. बाकीची कामात आहेत. उपग्रहाची खूण बिघडते, यंत्राची बॅटरी उतरते, होडीवाल्याला डोळ्यांना दिसणारं काहीतरी लागतं. 2008 च्या मुंबई हल्ल्यानंतर किनाऱ्यावर लक्ष ठेवणारी रडारं बसवायची वेळ आली तेव्हा उंच, मोकळी, सरकारी जागा म्हणून दीपगृहंच सापडली. 1927 च्या दीपगृह कायद्याच्या जागी 2021 मध्ये नवा कायदा आला, त्यात वारसा दीपगृहांचीही सोय आहे, आणि 2024 च्या फेब्रुवारीत देशातल्या 75 दीपगृहांवरच्या पर्यटन सोयींचं लोकार्पण झालं. टपाल खात्यानं मिनिकॉयच्या दीपगृहाच्या शताब्दीचं तिकीट 1985 मध्येच काढलं होतं. ते मी तेव्हा विकलंय. समुद्र तोपर्यंत पाहिलेला नव्हता.

समज: किल्ल्यातून भुयार आहे आणि भुयारात…

रत्नागिरी–नागपूर महामार्ग आमच्या गावावरून जातो, म्हणजे एका अर्थी दीपगृह आमच्याच रस्त्यावर आहे. पहाटे धपाटी, शेंगाचटणी आणि दही बांधून निघालो. मिरज, कोल्हापूर, आंबा घाट करून संध्याकाळी रत्नदुर्गावर. हा किल्ला घोड्याच्या नालासारखा समुद्रात घुसला आहे. बालेकिल्ल्यात भगवतीचं देऊळ, दुसऱ्या टेकाडावर दीपगृह. ज्या बुरुजावर ते आहे त्याचं नाव सिद्ध बुरूज. सौभाग्यवतींनी ते ऐकून लगेच हात जोडले. सिद्धेश्वराच्या गावचं माणूस, नावातला ‘सिद्ध’ सोडत नाही.

किल्ल्यावर भुयार दाखवतात, आणि खाली किनाऱ्यावरून कड्यातली गुहाही दिसते. एवढं दिसलं की पुढचं डोकं रचतं. आमच्या मागे उभा असलेला एक पर्यटक आपल्या मुलांना सांगत होता की हे भुयार थेट पन्हाळ्याला निघतं. पन्हाळा सह्याद्रीच्या पलीकडे! लहानपणी आम्हीही सोलापूरच्या भुईकोटातून पंढरपूरला जाणारं भुयार ऐकलं होतं. किल्ल्याला लागूनच सिद्धेश्वर तलाव, भोवती खंदक, तेही पाण्याचे. त्याखालून भुयार खणलं असतं तर ते पहिल्याच पावसात विहीर झालं असतं. किल्ल्यांना चोरदिंड्या असतात, तटातून पलीकडे निघण्यापुरत्या आडवाटा असतात, पाण्याची टाकी-तळघरं असतात, आणि कोकणात लाटांनी कडे पोखरून केलेल्या गुहा असतात. यातलं काहीही अर्धवट बुजलं की लोक त्याला चाळीस कोस लांबवतात. ‘सोळा गावांचं सोलापूर’ ही व्युत्पत्तीही अशीच कानाला गोड लागून चिकटलेली. शिलालेखात गावाचं नाव सोन्नलगी असं येतं. पण बारशाला गेलो तरी मला कुणी ना कुणी सोळा गावं मोजून दाखवतंच.

समज: पेटी कुठेही लपवली तरी चालते

आमची पहिली पेटी रत्नागिरीची नव्हतीच. तालीम म्हणून मी सोलापूरबाहेर एका रस्त्यालगत, बाभळीच्या बुंध्याशी, स्टीलचा कडीचा डबा ठेवला होता. वरून काळी चिकटपट्टी गुंडाळलेली, पाणी जाऊ नये म्हणून. आता तुम्हीच सांगा, रस्त्याकडेला बेवारस डबा, त्याला काळी पट्टी. दुसऱ्या दिवशी तिथे घोळका, आणि घोळक्याच्या मधोमध दोन हवालदार. मी पुढे होऊन सांगितलं. डबा उघडला, वही निघाली, उलटा ‘सो’ निघाला. हवालदारसाहेबांनी वही चाळली आणि एवढंच विचारलं, “रिटायर हाय का तुम्ही?”

हा धडा इंग्लंडच्या पुस्तकात नाही, तो इथलाच. बेवारस वस्तूला हात लावू नका असं आपण प्रत्येक स्टेशनवर ऐकतो. मग बेवारस वस्तू ठेवणारा तरी आपण का व्हावं? तेव्हापासून आमचे नियम असे: डबा पारदर्शक, झाकणावर नाव आणि ‘हा खेळ आहे’ असं मोठ्या अक्षरात, आणि जागा खासगी, मालकाला विचारून घेतलेली. दीपगृहाच्या आवारात नाही, किल्ल्याच्या तटात तर मुळीच नाही. डार्टमूरवाल्यांनीही जुन्या शिळावर्तुळांत, थडग्यांत, पडक्या भिंतींत पेटी खुपसायला मनाई केलेली आहे. एक दगड सैल केला की दुसरा त्याच्या मागे येतो. संरक्षित स्मारकाची नासधूस केली तर केंद्राच्या कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. तरी रत्नदुर्गाच्या काय, कुठल्याही किल्ल्याच्या भिंतीवर पाहा: बदामात बाण, शेजारी दोन आद्याक्षरं, खाली साल.

मी त्या पोरांवर नुसता चिडत नाही. इतक्या लांब आलो, चढलो, दमलो, आता ‘मी इथे होतो’ असं कुठेतरी उमटावं, ही ओढ पेरटच्या बाटलीत कार्ड टाकणाऱ्या साहेबाचीच आहे. त्याला बाटली मिळाली, याला भिंत. किल्ल्याच्या पायथ्याशी चहाच्या टपरीवर नुसती एक वही आणि एक शिक्का दोरीनं बांधून ठेवला, तर कितीतरी खिळे खिशातच राहतील असं मला वाटतं.

आमची पेटी शेवटी किल्ल्याखाली, ओळखीच्या एका गृहस्थांच्या हापूसच्या कलमांत बसली. विचारल्यावर ते म्हणाले, “ठेवा हो, माझं काय जातंय? पण माकडं नेतील.” म्हणून वर चिऱ्याचा तुकडा. झाकणाला रबराची कड आहे, तरी वही आतून आणखी दोन पिशव्यांत. कोकणातल्या पावसाला आमच्या सोलापुरी पिशवीची भीती वाटत नाही. खूणचिठ्ठी मुलांनी लिहिली. सूर्य बुडाला की दिव्याच्या दोन चमकांमधले सेकंद मोजा, तेवढी कलमं सोडा, मग सोलापूरच्या मुख्य टपाल कार्यालयाच्या पिनमधला शेवटचा आकडा असेल तेवढी पावलं समुद्राकडे. सेकंद किती ते इथे लिहीत नाही. पिन मात्र 413001, म्हणजे पाऊल एकच. पण तेवढ्यासाठी मुलांना मी पिनची अख्खी गोष्ट ऐकवली: 15 ऑगस्ट 1972, श्रीराम भिकाजी वेलणकर, टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे पंडित. पहिला आकडा विभागाचा, शेवटचे तीन कार्यालयाचे. मुलं दिव्याकडे बघत होती, पण ऐकत होती असं मी धरून चालतो.

समज: टपालपेट्या तर बंदच झाल्या

2025 मध्ये रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं. पुढच्या आठवड्यात निम्मं गाव मला सांगत होतं की लाल पेट्याही काढून नेणार. बंद झालं ते रजिस्टर्ड पोस्टाचं वेगळं खातं. पेट्या आहेत, पोस्टकार्ड आहे, आणि ते अजून पन्नास पैशांत मिळतं. ते 1879 पासून चालू आहे.

म्हणूनच पेटीत दहा कार्डं ठेवली होती, आमचा पत्ता घातलेली. डार्टमूरची जुनी रीत: ज्याला पेटी सापडेल त्यानं एक कार्ड न्यायचं आणि आपल्या गावी जाऊन टपालात टाकायचं. शेजारी म्हणाले, एकही येणार नाही. सौभाग्यवती म्हणाल्या, माकडांनी वाचायला शिकावं लागेल.

मार्चमध्ये एक आलं. मजकुराच्या जागी फक्त एक शिक्का, बटाट्यावर कोरलेला असावा, होडीचा. खाली बालअक्षरात ‘सापडली’. मी कार्ड उलटं करून आधी तारखेचा शिक्का पाहिला. सवय. गावाचं नाव अर्धंच उमटलंय. ज्यानं कुणी मारला त्यानं गादी कोरडी ठेवली होती आणि हातही तिरका धरला होता. शेवटचं ‘गाव’ वाचता येतं. जळगाव, मालेगाव, कोरेगाव. पिनचा पहिला आकडा 4 आहे, म्हणजे बेळगाव गेलं. दुसरा आकडा 1 असेल किंवा 2. सकाळी दहाच्या सुमाराला खिडकीत ऊन येतं, तेव्हा कार्ड तिरपं धरलं की 2 वाटतो.

नातू म्हणतो 1.